गार खोलीचं कारण

ती घटना आठवली की मला आजही आधी गारठा आठवतो. भर एप्रिलमधला, आणि तोही कोल्हापुरात. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं आणि आत एका कंपनीच्या खोलीत माझा हवालदार काखेत हात घालून कुडकुडत उभा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शहराबाहेर, महामार्गालगतच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत ऊस, वीटभट्ट्या, चार धाबे आणि एक मोठी कंपनी. आमचे गुन्हे म्हणजे बांधावरची मारामारी, विहिरीवरच्या मोटारीची चोरी, जत्रेतली डोकेफोड. कॉम्प्युटर हा शब्द ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत त्याआधी कधी लिहिला नव्हता, आणि लिहायची वेळ आली तेव्हा तो त्याने तीन वेळा खोडला.

त्या कंपनीत एक जुना कॉम्प्युटर होता. एकच, पण कपाटाएवढ्या पेट्यांची रांग. त्याला उष्मा सोसत नसे, म्हणून दोन भलेमोठे एसी अहोरात्र चालत. वीजकपातीत सारी कंपनी ठप्प झाली तरी ती खोली जनरेटरवर गार ठेवली जाई. कामगार तिला गार खोलीच म्हणत. आता हा जुना डोलारा काढून टेबलावर मावणारे नवे कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं होतं. त्यांना पंख्याचा वारा पुरे होता. विजेचं बिल कमी, दुरुस्तीचा खर्च कमी, सगळा फायदाच.

नवे कॉम्प्युटर शेजारच्या इमारतीत मांडून झाले. गार खोलीचे एसी बंद करायची तारीख ठरली आणि तिच्या आदल्या दिवशी नव्या कॉम्प्युटरच्या वायरी तुटलेल्या सापडल्या. नीट न पाहताच उंदरांवर ठपका ठेवून प्रकरण मिटलं. मुंबईहून वायरी यायला वेळ लागला. पुन्हा तारीख ठरली आणि पुन्हा आदल्या दिवशी तेच. या वेळी मात्र कंपनीचे व्यवस्थापक तावातावाने ठाण्यात आले आणि त्यांनी रीतसर फिर्याद दिली. बंद खोलीच्या मागच्या खिडकीतून आत शिरून कोणीतरी मुद्दाम नुकसान केलं, असा गुन्हा दाखल झाला.

खबर मिळायला वेळ लागला नाही. कंपनीच्या गेटसमोरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. तो सायकल मारत आला आणि म्हणाला, "सायब, आणि कोण आसणार? युनियनचा पुढारी. परवाच गेटवर भाषणात बोलला, ह्या पेट्या चालू हून देतो का बघा म्हणून. आख्ख्या शिफ्टनं ऐकलंय की."

व्यवस्थापकांचाही संशय त्याच्यावरच होता, आणि वायरी तुटल्या त्या दिवशी त्या खिडकीजवळून जाताना त्याला पाहिलेले दोन साक्षीदार त्यांनी उभे केले. मी त्याला अटक केली. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

पुढारी पस्तिशीचा, लेथवर काम करणारा, पन्हाळ्याकडच्या एका गावचा. आवाज असा की कोठडीत बोलला तरी अंगणात ऐकू यावा. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार हे त्याला ठाऊक होतं. कंपनीला तर तेच हवं होतं. त्याच्यामागे बायको, दोन लेकरं आणि गावाकडे आईवडील होते.

"भाषण केलंस?" मी विचारलं.

"केलं व्हय. आजून करतो. त्या पेट्या आल्या की निम्म्या कारकुनांची टेबलं जाणार. खरं वायर म्या कापल्याली न्हाई."

"मग कोणी कापली?"

"मला काय ठावं? आणि सायब, मला कापायची आसती तर गेटवर आणून समद्यांच्या म्होरं कापली आसती. चोरून कापून माझा काय फायदा? नाव कसं व्हायचं माझं?"

हे उत्तर मला पटलं. कोठडीत बसलेला माणूस सहसा स्वतःला लहान करून दाखवतो. मी गरीब, मला काय कळतंय, असा सूर लावतो. हा गडी आपण काय काय करू शकलो असतो ते सांगत होता. तरीही पटणं वेगळं आणि पुरावा वेगळा. कंपनीच्या गेटवर कामगारांची गर्दी रोज वाढत होती. कोणीतरी एक दगड भिरकावला असता तर मला लाठीमाराचा हुकूम द्यावा लागला असता.

मी पुन्हा घटनास्थळी गेलो. आधी नव्या कॉम्प्युटरची खोली पाहिली. वायरी धारदार कात्रीने सरळ कापलेल्या होत्या. कॉम्प्युटरच्या पडद्यांच्या काचांवर ओरखडा नव्हता. रागावलेला माणूस आधी काच फोडतो, हा माझा अनुभव आहे. इथे तर कापलेले तुकडे गुंडाळून, गाठ मारून टेबलाच्या कडेला ठेवले होते. गुन्हा करतानाही पसारा सहन न होणारा हा कोण माणूस, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला.

मग गार खोली. आत जाताना बूट बाहेर काढायचे, धूळ चालत नाही, असा तिथला नियम. हवालदाराने कुरकुरत बूट काढले. फाटक्या मोज्यातून त्याचा अंगठा बाहेर आला होता. "सायब, आत देव कुठला हाय म्हनायचा?" त्याने मला हळूच विचारलं.

त्या विभागाचे पर्यवेक्षक आम्हाला घ्यायला दारात आले. पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, एप्रिलमध्ये लांब बाह्यांचा स्वेटर घातलेले गृहस्थ. शहरातल्या एका पेठेत राहणारे, वेळेवर येणारे, वेळेवर जाणारे. त्यांची नोकरी जाणार नव्हती. उलट नव्या विभागात त्यांना बढती मिळाली होती. बोलता बोलता ते खाली वाकले आणि हवालदाराचे वेडेवाकडे पडलेले बूट त्यांनी भिंतीलगत सरळ लावून ठेवले. मी ते पाहिलं. बूट नीट ठेवणं हा काही गुन्हा नाही.

मी व्यवस्थापकांना विचारलं, "हे एसी बंद झाले तर कोणाचं बिघडणार आहे?"

"कोणाचंच नाही. वाचणार आहे ती फक्त वीज."

दोन्ही वेळा वायरी तुटल्या त्या एसी बंद व्हायच्या आदल्या दिवशी. नवे कॉम्प्युटर मोडावेत असं त्या माणसाला वाटत नव्हतं. गार खोली आणखी थोडे दिवस गार राहावी, एवढंच त्याला हवं होतं. का, ते मला समजत नव्हतं. म्हणून मी विभागातल्या सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं, "तपासासाठी ही खोली आज सील करणार. कॉम्प्युटर बंद, एसीही बंद."

व्यवस्थापक पगारपत्रकांच्या काळजीने कुरकुरले. बाकीचे आपापले कागद आवरू लागले. पर्यवेक्षक तेवढे पुढे आले. "साहेब, खोली जरूर सील करा. एसी तेवढे राहू द्या."

"कशासाठी?"

"मशीन खराब होईल."

"मशीन बंदच ठेवायचंय. बंद मशीनला गारवा कशाला?"

मी जेवणाच्या सुट्टीनंतर सील लावतो म्हणून सांगितलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि हवालदाराला त्या कपाटांमागे उभं केलं. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात थंड बंदोबस्त तोच, असं तो निवृत्त होईपर्यंत सांगत असे.

लोक जेवायला गेले आणि पर्यवेक्षक आत आले. त्या खोलीची जमीन पोकळ होती. एसीची थंड हवा फरश्यांच्या खालून खेळायची. त्यांनी कोपऱ्यातली एक फरशी उचलली, आत हात घालून स्टीलचा डबा काढला आणि छातीशी धरला. हवालदाराने पुढे होऊन त्यांचं मनगट पकडलं. त्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. "डबा पाडू नका," एवढंच ते म्हणाले.

डब्यात कापसात ठेवलेल्या रबरी बुचाच्या छोट्या बाटल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, इन्शुलिन आहे, मधुमेहाचं.

ठाण्यात आणल्यावर पर्यवेक्षक म्हणाले, "माझंच औषध आहे ते." मी त्यांना चहा दिला. ठाण्याचा चहा म्हणजे नुसता पाक. बोलता बोलता त्यांनी दोन कप संपवले.

"हे औषध घेणारा माणूस असा चहा पीत नाही," मी म्हणालो. "कोणाचं आहे?"

तेव्हा ते रडायला लागले. मी खूप माणसं रडताना पाहिली आहेत. बहुतेक जण रडताना तोंड लपवतात. यांना तेही सुचलं नाही.

औषध त्यांच्या मुलीचं होतं. काही वर्षांपासून ती रोज इंजेक्शन घेत होती. पुण्याचे एक नातेवाईक एकदम बऱ्याच बाटल्या बर्फाच्या थर्मासमधून आणत. घरी फ्रीज नव्हता. शेजारी दोघांकडे होता, पण तिथे बाटल्या ठेवल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी पेठभर झालं असतं की यांच्या मुलीला साखर आहे. मग तिला स्थळ कोण सांगणार? म्हणून चालू बाटली घरी ओल्या फडक्यात आणि बाकीच्या गार खोलीच्या फरशीखाली. आता तिचं लग्न ठरलं होतं, तिथी धरली होती. लग्न होईपर्यंत उन्हाळ्यात औषध टिकावं, एवढ्यासाठी त्यांनी दोनदा कात्री चालवली होती.

"आणि लग्न झाल्यावर?" मी विचारलं. "सासरी ती बाटल्या कुठं ठेवणार होती?"

त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. "तेवढं पुढचं मी बघितलंच नाही, साहेब."

मग त्यांनी हात जोडले. "गुन्हा मला कबूल आहे. काय होईल ती शिक्षा भोगतो. फक्त कारण लिहू नका. वरिष्ठांवरच्या रागातून केलं असं लिहा. मुलाकडच्यांना कळलं तर सोयरीक मोडेल."

मला त्यांची दया आली. रागही आला. त्यांच्या जागी दुसराच माणूस कोठडीत बसला होता आणि ते रोज कामावर येत होते. शिवाय व्यवस्थापकांनी लगेच नवा सूर काढला होता, की पुढाऱ्यानेच पर्यवेक्षकांना फितवलं असणार, तसं लिहा. कारण नसलेली कबुली न्यायालयात गेली असती तर ही कथा सहज खपली असती. इतक्या सरळ माणसाने उगाच वायरी का कापाव्यात, याला दुसरं उत्तरच नव्हतं. पुढाऱ्याची सुटका त्या एका कारणावर अडकली होती आणि ते कारण लिहिलं की एका मुलीचं लग्न मोडणार होतं. माझ्या नोकरीत पेन इतकं जड फार थोड्या वेळा झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगीच आईला घेऊन ठाण्यात आली. बावीस-तेवीसची असेल, बालवाडीत शिकवायची. आई पदराने डोळे पुसत तिला मागे ओढत होती. "चल गं घरी. तुझे बाबा बघतील काय ते." मुलगी हलली नाही.

"साहेब, बाबा सांगत नाहीत ते मी सांगायला आले," ती म्हणाली. "मला मधुमेह आहे. बाबांनी वायरी कापल्या त्या माझ्या औषधासाठी. कोठडीत आहेत त्या काकांचा काही संबंध नाही. माझा जबाब घ्या."

"नीट विचार केलास का? हे कागद कोर्टात जातात. लोक वाचतात."

"केलाय. त्या काकांची मुलगी माझ्या वर्गात आहे. परवा तिनं विचारलं, बाई, माझे पप्पा चोर आहेत का? मी काय सांगू तिला?"

मी जबाब लिहून घेतला. पुढाऱ्याविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल न्यायालयात दिला आणि त्याची सुटका झाली. सामान परत घेताना त्याने विचारलं, "कुनी केलतं सायब?" मी सगळं सांगितलं. त्याने हातातलं सामान पुन्हा टेबलावर ठेवलं. म्हणाला, "मला आदी सांगाय पायजे हुतं त्येंनी. एसी बंद करू नका म्हणून म्याच संप केला आसता."

नुसतं बोलून तो थांबला नाही. पर्यवेक्षक त्यांच्या युनियनचे सभासदही नव्हते, तरी त्यांना कामावरून काढू नये म्हणून हा गेटवर जाऊन बसला. न्यायालयाने पर्यवेक्षकांना दंड केला. कंपनीने त्यांना खालच्या जागेवर भांडारात टाकलं, पण नोकरी राहिली. एसी बंद झाले, नवे कॉम्प्युटर सुरू झाले आणि बिल खरोखर कमी आलं, असं व्यवस्थापकांनी मला आवर्जून कळवलं. मुलाकडच्यांचा निरोप आला आणि लग्न मोडलं. तिचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. विचारायचा धीर मला झाला नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. आम्ही पोलीस जो ओरडतो त्याला आधी धरतो, कारण तो सापडायला सोपा असतो. पण ज्याचं ओरडून झालंय त्याच्याकडे लपवण्यासारखं फारसं काही उरत नाही. ज्याला आपली अडचण कोणापाशी बोलता येत नाही, तो भला माणूसही एक दिवस हातात कात्री घेतो. नंतरच्या तपासांत मी संशयितांइतकंच त्यांच्या आसपासच्या गप्प माणसांकडे पाहू लागलो, त्यांच्याशी बसून बोलू लागलो.

आणि त्या मुलीचं एक बोलणं माझ्या मनातून जात नाही. जबाब वाचून दाखवल्यावर सही करायला मी तिच्यापुढे पेन धरलं. न राहवून म्हणालो, "पोरी, लग्न मोडेल तुझं."

"मोडू दे," ती म्हणाली. "निदान उद्यापासून आईला इंजेक्शनची सुई उकळताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागणार नाही."

मागे उभ्या असलेल्या आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलीने सही केली, ठळक अक्षरात आणि पूर्ण नावानं.