पत्रकातून गाळलेली सुई

कापूस वेचायची ओटी बांधताना मायच्या हाताला स्तनातली गाठ लागली. मला तिनं ते दीड महिन्यानं सांगितलं, भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता. अमरावतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गाठीची कड एका बाजूनं नीट दिसत नाही, सुईनं तुकडा काढून तपासू, म्हणाले. माय उठली ती थेट घरी जायला वलगावच्या ऑटोत जाऊन बसली. गाठीला लोखंड लागलं की ती अंगभर पसरते, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं.

आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. बाबा कापसाच्या भावाची, बोगस बियाण्यांची पत्रकं छापून आणत. माय त्यांवरूनच वाचायला शिकली. आमच्याकडे बोललेलं तपासून घेतात, छापलेलं नाही.

त्या हिवाळ्यात मीही एक पत्रक लिहिलं होतं, बायकांच्या तपासणीचं. अकोल्याच्या एका डॉक्टरबाईंनी मला नीट समजावलं होतं. सोनोग्राफी करतानाच गाठ मऊ आहे की कडक, ते पाहता येतं. त्याला इलॅस्टोग्राफी म्हणतात. मऊ निघाली तर पुष्कळदा सुई टाळता येते. कडक निघाली तर सुई लागतेच. मी ठळक अक्षरांत लिहिलं : ‘आता सुई न टोचता गाठीची तपासणी!’ कडक गाठीची ओळ गाळली. कागद अर्धाच होता आणि आरोग्य खात्याला झोडपायला मला जागा हवी होती.

ते पत्रक वाचूनच माय अकोल्याला यायला तयार झाली. कडक गाठीची गाळलेली ओळ मी तिला सांगितली नाही.

एसटीत ती शेजारणीशी सोयाबीनच्या शेंगांवर बोलत होती. मी खिडकीतून मागं जाणारी गावं मोजत होते. कडक निघाली तर ही उठून जाईल, आणि पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढणार नाही. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. 

तपासणीच्या खोलीत टेबलावर पडल्यापडल्या मायनं पिशवीतून घडी केलेलं पत्रक काढलं आणि त्याच डॉक्टरबाईंपुढे धरलं.

“सुई नाई ना म्याडम? माह्या पोरीनं छापलं हाय.”

बाईंनी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. “मी एवढंच सांगितलं होतं?”

“नाही,” मी म्हणाले.

“मावशी, गाठ कडक निघाली तर सुई लागेल. आणि सुईनं गाठ पसरत नाही.”

माय उठून बसली. पदर छातीशी धरलेला.

“तुले माईत होतं?”

“हो.”

“मंग लिवलं काहून नाई?”

“जागा नव्हती.”

“जागा नोती,” ती म्हणाली. भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिली.  मग ती पुन्हा आडवी झाली. “पाहा म्याडम. आली हाओ तं पाहून घ्या.”

पडद्यावर करड्या चित्रावर रंग उमटले. बाई अगदी हलका दाब देत होत्या. या यंत्रावर निळं म्हणजे कडक, हिरवं म्हणजे मऊ, त्या म्हणाल्या. एका कडेला निळं चमकलं. बाईंनी हात उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा. चौथ्यांदा गाठ सगळी हिरवी होती.

“आधी माझा दाब जास्त पडला होता. मऊ आहे. कडही आता सगळीकडून नीट दिसते, बाकीही काही वाईट दिसत नाही. आत्ता सुई नको. पण सहा महिन्यांनी परत यायचं, चुकवायचं नाही.”

मला रडू आलं. मायला नाही आलं. तिनं पोलक्याच्या गुंड्या लावल्या, तारीख लिहून घेतली आणि पत्रक पुन्हा पिशवीत ठेवलं.

बाहेर बाकावर बसून ती चपलेचा पट्टा ओढत होती.

“निळं निघालं असतं अन् म्याडम सुईचं आधी बोलल्या नसत्या,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तं मी घरी गेली असती. तुह्या कागदाच्या भरवशावर. गावात आनखी किती जनींकडे हाय तो कागद?”

मी एकेक घर आठवून मोजू लागले. ते कागद मीच दारोदार वाटले होते.