हर्सूलच्या माळावरचं कागदी विमान

कितीक गुन्हे विसरलो, पण हर्सूलच्या माळावरची ती भानगड काल घडल्यासारखी डोळ्यांपुढं आहे. निजामाचं राज्य होतं. मी अमीन, म्हणजे आजचा फौजदार. चार इयत्ता उर्दू शिकून शिपायापासून वर चढलेला.

शनिवारी सकाळच्या हजेरीलाच एका जमीनदाराचा कारभारी ठाण्यात धावत आला. काखेत अर्धवट जळालेलं विमान. बांबूच्या काड्यांचं, पतंगाच्या कागदाचं, दोन हात लांब.

"सरकार, काल ह्यानं आमची कडब्याची गंजी पेटवली. वरून जळतच आलं, पंखा गरगर फिरत होता. म्या डोळ्यानं बघितलं. माळ बंद करा, नाय तर गाव जळंल."

विमान कुणाचं ते सगळ्या शहराला ठाऊक होतं. औरंगपुऱ्यातला एक घड्याळजी दर शुक्रवारी दुकान बंद ठेवून हर्सूलच्या त्या माळावर, गावच्या गायरानात, विमानं उडवायचा. बघायला लई माणूस जमायचं. मी रपट घेतली, माळ बंदीचा हुकूम लिहिला, तिथं शिपाई बसवला आणि घड्याळजीला उचलून आणला.

"आग कशी लावली?"

"साब, मेरे कू अंदर करो, पन मैदान बंद नक्को करो. गाँव में घर घर जाके इजाजत लिया मैं."

मला वाटलं, नाटक करतोय. एक ठेवून दिली. चूक केली, ती इथं कबूल करतो.

गाल चोळत त्यानं टेबलावरचं विमान उलटं केलं, आणि हसायलाच लागला.

"हसतो काय बे?"

"साब, इसमें रबर किधर है?"

मग त्यानं समजावलं. विमानाच्या पोटात पुढून मागं रबर ताणलेलं असतं. त्याला पीळ दिला की पंखा फिरतो. उन्हानं रबर सडतं, म्हणून उडवणं झालं की तो रबर काढायचा, एरंडेल लावून डबीत घरी न्यायचा. विमान सायकलवर मोडतं, म्हणून ते तिथंच गुराख्याच्या झोपडीत टांगायचा. आता बघतो तर नुसती शेपटी जळालेली. रबर अडकवायचा पुढचा आकडा स्वच्छ. रबर जळालं असतं तर डांबरासारखं चिकटलं असतं!

माझे कान तापले. तांगा मागवला, घड्याळजी, कारभारी आणि दोन शिपाई बरोबर घेतले. ठाण्याला लागूनच आमचं घर. बायको पदर खोचत बाहेर आली. "अवो, मलाबी न्या. जन्मात विमान बघितलं नाय."

वाटेत घड्याळजीच्या घरून रबराची डबी घेतली. माळावर जळकं विमान मी कारभाऱ्याच्या हातात दिलं. "काल उडत आलं ना? उडव."

त्यानं फेकलं. दगडासारखं पायाशी पडलं.

मग घड्याळजीनं झोपडीतनं दुसरं विमान काढलं, रबर चढवलं, बोटानं पीळ देत राहिला, आणि सोडलं. काय सांगू! भुर्रकन बाभळीच्या वर गेलं, वळलं, पुन्हा चढलं. शिपाई ओरडले. मी अमीन, वर्दीत, टाळ्या पिटत होतो. बायकोनं सगळ्यांदेखत माझी बाही धरली. "अवो, उडालं की वो!" ती जाऊन वरीस होतंय. तिची ती पकड अजून दंडाला कळते.

कारभारी हात जोडून पुढं आला.

"झोपडीतनं घेतलं, सरकार. शुक्रवारची गर्दी हाय तवर गायरानात नांगर घालता येईना. मालक म्हणले, माळ बंद पाड. गंजी म्याच पेटवली."

जबाब घेतला, मालकावरही खटला भरला. बंदीचा हुकूम रद्द केला आणि ऐटीत घड्याळजीला म्हणालो, "जा, उडव."

तो हलला नाही. "कागज ठीक है साब. पन गाँववाले आग के नाम से डर गए. फिर पूछना पडेगा."

भीती माझ्या हुकमानंच पसरली होती, म्हणून मीही त्याच्याबरोबर निघालो. पहिल्याच दारात म्हातारी म्हणाली, "आधी ह्याला मारलंस, आन आता इचारतोस व्हय?" मी मान खाली घातली.

मुद्देमाल उलटा करून बघितल्याबिगर हात उचलू नये, हे त्या दिवशी शिकलो. आणि हेही, की माळ बंद करायला माझी एक सही पुरली होती. उघडायला आठ दिवस दारोदार हिंडावं लागलं.