माळ्यावरची लाल टेस्ट

वैशाखातला शेवटचा रविवार, सकाळ. स्थळ: पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी सुधीरचं घर. हजर: माझी मावशी, म्हणजे सुधीरची आई, त्याची बायको संगीता, आमच्या ऑफिसातला फैजल, आणि मी. फोनवर: महाड बाजारपेठेतले औषधवाले शांतिलालशेठ. गैरहजर: ज्याच्यामुळे ही बैठक लावावी लागली, तो.

तेरावं होऊन थोडे दिवस झाले होते आणि मागे राहिलेली कामं मी लिहून नेली होती. बँकेचे कागद, सिमकार्ड, लॅपटॉप. चहा उकळेपर्यंत तिन्ही मार्गी लागली. मग राहिली ती टेस्ट, आणि तिथे आम्ही अडकलो. सुधीर असता तर पहिल्यापासूनच अडकलो असतो, एवढाच फरक.

आम्ही महाडात दुकानांसाठी बिलाचं आणि मालाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर करतो. त्यात काही बदल केला, की गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो शेकडो बारीक चाचण्यांतून जातो. त्या आपोआप चालतात. पास झाली ती हिरवी, नापास झाली ती लाल. पावसाच्या आत नवीन व्हर्जन दुकानदारांना द्यायचं कबूल केलंय आणि सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, एक सोडून. ती कधी हिरवी येते, कधी लाल.

"ताई," फैजल आवाज खाली घेऊन म्हणाला, "तेवढी एक काढून टाकू या का? सुधीरभाई नाहीत आता... विचारणार कोण?"

"मी विचारीन ना," आतून संगीता म्हणाली.

स्पीकरवरून शेठ ओरडत होते, "वंदनाबेन, पावसात नदी काय मला विचारून दुकानात शिरते का? व्हर्जन कधी देता ते सांगा!" त्यांना ठाऊक नव्हतं, की त्या टेस्टवर त्यांच्याच दुकानातल्या एका माणसाची अब्रू टांगलेली आहे. दत्ताराम शिवथरचे, पण शांतिलालशेठच्या काउंटरवर उभं आयुष्य उभे राहिले. गेल्या वर्षी साठा जुळेना. कॉम्प्युटर म्हणायचा गोळ्यांच्या पट्ट्या आहेत, फळीवर त्या नसायच्या. शेठनी चोर म्हटलं नाही, पण "आता घरी आराम करा" म्हटलं. बाजारपेठेत त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. सुधीरचं म्हणणं होतं, की पट्ट्या कोणी नेल्या नाहीत, हिशोब आमच्याच प्रोग्रॅमने चुकवला. पुरावा काय, तर ही टेस्ट, जी मनात येईल तेव्हा लाल होते.

सुधीर गेल्याची बातमी आली तेव्हाही मी त्याच्यावर चिडलेलीच होते. सकाळी तो ऑफिसला यायचा होता, आला नव्हता. फोन वाजला, त्याचं नाव दिसलं, आणि मी उचलता उचलता म्हटलं, "कुठे उलथलायस?" पलीकडे संगीता होती. छातीत कळ आली म्हणून गाडीत घालून महाडला आणत होते. वाटेतच... माणूस गेल्यावर त्याच्यावर चिडू नये म्हणतात. मला ते अजून जमलेलं नाही.

सुधीर माझा धाकटा मावसभाऊ. पुण्यात एका मोठ्या कंपनीत होता. तिथे तो काय करतो हे मावशीने विचारलं, तर म्हणायचा, "बाकीचे प्रोग्रॅम लिवतात. लिवून झाल्यावर त्यांना वाट बघत बसावं लागतं, ती वाट मी कमी करतो." मावशी गावात सांगायची, माझा मुलगा रस्त्याच्या खात्यात आहे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो परत आला आणि आमच्यात सामील झाला. मला वाटलं, चला, आता कामं भराभर हलतील. मी फळ्यावर गिऱ्हाइकांच्या मागण्या लिहिल्या: कराचा नवा तक्ता, मराठीतलं बिल, मुदत संपत आलेल्या औषधांची सूचना. त्याने फळा पाहिला, मान डोलावली आणि पुढचे कित्येक महिने त्यातल्या एकालाही हात लावला नाही.

तो आमचं बिल्ड सुधारत बसला. बिल्ड म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम जुळवून चालवण्याजोगा करणं. आमच्याकडे एक ओळ बदलली तरी सगळंच्या सगळं पहिल्यापासून जुळवलं जायचं आणि मग त्या शेकडो टेस्ट एकामागून एक रांगेने. फैजल बिल्ड लावून नमाजाला जायचा, येताना मिसळपाव खायचा, आखातातल्या भावाशी फोनवर बोलायचा, तरी ते चालूच. आम्हाला त्यात वावगं वाटत नव्हतं. दिवस त्याच बेताने आखलेला होता. मी तर बिल्डच्या वेळेत बँकेची कामं उरकायची.

"ताय, खाचरातलं एक रोप मेलं तर तू सगळं शेत परत लावतेस काय गो?" त्याने मला विचारलं.

"मी शेत लावत नाही. मी पगार देते. कराचा तक्ता कधी देतोस?"

"एक रोप काढायचं, एक लावायचं. बाकीचं हाय तसं हाय. आणि लावणीला बाया एका ओळीत एकीमागे एक चालतात का? सगळ्या जणी शेजारी शेजारी वाकतात. टेस्टचंबी तसंच."

लावणीची उपमा मला कळली, तक्ता मात्र मिळाला नाही. शेवटी एके दिवशी फैजलने बिल्ड लावलं, टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि कॉम्प्युटरने घंटा वाजवली. झालं होतं. तो दारातच उभा राहिला. "सुधीरभाई, आता मी मिसळ कधी खाऊ?" त्यानंतरच्या एका महिन्यात आम्ही जेवढं काम बाहेर काढलं तेवढं आधी वर्षात निघत नव्हतं, हे मी मान्य करते. त्याने मला हे आधी नीट समजावून सांगितलं असतं तर माझी चिडचिड वाचली असती, हेही तितकंच खरं. पण समजावणं हे त्याच्या कामांत कधी बसलंच नाही.

वेग आला तशी दुसरी गोष्ट उघडी पडली. पूर्वी एखादी टेस्ट लाल आली, की आम्ही ती पुन्हा चालवायचो. हिरवी आली की पुढे. गाडी चालू झाली नाही की परत किल्ली फिरवतो, तितक्या सहज. सुधीरने हे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला, की जणू आम्ही देवघरात चपला घालून गेलो होतो.

"परत का लावलीस?" त्याने फैजलला विचारलं.

"लाल आली म्हणून."

"मग आता हिरवी आली ती खरी, आणि मघाची खोटी, हे तुला कोणी सांगितलं?"

"भाई, नेहमी असंच होतं."

"नेहमी होतं म्हंजे नेहमी काहीतरी बिघडतं!"

त्या दिवसापासून नियम झाला, की लाल आलेली टेस्ट कारण सापडल्याशिवाय पुन्हा चालवायची नाही. एकेका टेस्टसाठी आख्खा दिवस जायचा. गिऱ्हाइकं मला फोन करायची आणि मी काय सांगणार? आमचा माणूस एका लाल ठिपक्याकडे बघत बसलाय? एकदा वैतागून मी म्हटलं, "अरे, पास झालं ना ते?" तो म्हणाला, "दहावीला एकदा नापास, एकदा पास झालेला पोरगा तू डॉक्टरकीला घेशील?" मी म्हटलं, घेईन, गरज असेल तर घेईन. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

गंमत अशी होती, की टेस्ट बहुतेक दुपारीच लाल व्हायच्या. सकाळी सगळं ठीक. फैजलने प्रोग्रॅम उलटापालटा केला, काही सापडेना. इथे आमच्या ऑफिसची रचना सांगायला हवी. बाजारपेठेत प्रत्येक दुकानाला माळा असतो. सावित्रीचं पाणी चढायला लागलं की माल माळ्यावर, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. आम्हीही एका पावसाळ्यात टेस्ट चालवणारं मशीन वर नेलं. पाणी ओसरल्यावर माणसं माल खाली आणतात, पण आम्ही मशीन खाली आणलं नाही. पुढच्या वर्षी परत चढवायचंच आहे, मग उतरवायचं कशाला? हा शहाणपणा माझाच, आणि व्यवस्थापन म्हणून तो मला आजही पटतो.

एका दुपारी सुधीर जेवायला दिसला नाही. पाहते तर शिडी लावलेली आणि वरून त्याचे पाय लोंबत होते. तो मशीनशेजारी बसून भाकरी खात होता, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. "ताय, वर ये," तो म्हणाला. "हात लाव." डोक्यावर पत्रा, उन्हात तापलेला. मशीनला हात लावला आणि मी मागे घेतला. यंत्र तापलं की स्वतःला वाचवायला मंद चालतं. मंद झालं की जी टेस्ट ठराविक वेळात उत्तराची अपेक्षा करते ती लाल होते. इतके महिने आम्ही प्रोग्रॅमला शिव्या देत होतो आणि दोष होता पत्र्याचा!

मी ताबडतोब म्हटलं, "उतरवू या खाली. आजच. विषय संपला."

"नाय."

"आता काय नाय?"

"शेठचा कॉम्प्युटर कुठे असतो?"

शेठचाही माळ्यावर असतो. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानदारांनी तेच केलंय: पडदा आणि कीबोर्ड खाली काउंटरवर, बाकी सगळं वर, पत्र्याखाली. सुधीर म्हणाला, "आपलं मशीन तापतं तसं त्यांचं तापतं. ही टेस्ट लाल होते तेव्हा ती शेठच्या दुकानातली दुपार दाखवते. मशीन खाली आणलंस तर टेस्ट हिरवी होईल. शेठची दुपार हाय तशीच राहील."

मग त्याने एकेक टेस्ट, एकेक कारण निस्तरलं. राहिली ती एकच. ती मुद्दाम असं घडवून बघते: बिल पूर्ण झालं, पडद्यावर 'जतन झालं' असं आलं, आणि त्याच क्षणी वीज गेली. वीज परत आल्यावर बिल पूर्ण सापडलं पाहिजे. थंड मशीनवर सापडतं. तापलेल्यावर कधीकधी शेवटची ओळ नसते. म्हणजे गिऱ्हाईक औषध घेऊन गेलं, कागदी बिल घेऊन गेलं, आणि कॉम्प्युटरच्या मते ती पट्टी अजून फळीवरच. गल्ल्यात चार पैसे जास्त निघाले तर कोणी तक्रार करत नाही. पट्टी कमी निघाली की मात्र काउंटरवरच्या माणसाकडे बघतात.

आमचं शेवटचं भांडण यावरच झालं. तो पुण्याच्या जुन्या मित्रांना भेटून कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनवर उतरला होता... नाही, मुंबईच्या, पुण्याहून वीरला कोण उतरतं. मी त्याला आणायला गेले होते, म्हणजे पकडायला. परतीच्या रस्त्यावर मी म्हटलं, "ही एक बाजूला ठेव, व्हर्जन देऊ, मग शोध हवं तेवढं."

"ताय, बाजूला ठेवलेलं काम तू कधी परत घेतलेलं मी बघितलं नाय."

"माझं एकही काम बाजूला राहत नाही!"

"म्हणूनच. तू ते खोडतेस."

मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून त्याला काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? चहा घेऊ या?"

रविवारच्या त्या बैठकीत टेस्ट काढायची नाही असं ठरलं आणि सोमवारी दुपारी फैजल आणि मी माळ्यावर जाऊन बसलो. हिरवी. हिरवी. फैजल घाम पुसत म्हणाला, "ताई, बघा, चांगली चालतेय." पुढची लाल. आम्ही ती पुन्हा लावली नाही. सुधीरच्या लॅपटॉपवर त्याने अर्धवट सोडलेलं काम होतं, तिथून पुढे फैजल ओळ ओळ खाली उतरत गेला. दुपार सरता सरता तो थांबला आणि शिवी हासडून लगेच माझी माफी मागितली. प्रोग्रॅम 'जतन झालं' असं आधी सांगत होता आणि जतन नंतर करत होता. एरवी मधला वेळ डोळ्याला जाणवणार नाही इतका. तापलेल्या मशीनवर तो वीज जाण्याइतका मोठा व्हायचा.

दुरुस्तीला फैजलला आठवडा लागला. आता ती टेस्ट भर दुपारी, पत्र्याखालीही हिरवी येते. व्हर्जन दिलं. शेठच्या दुकानात मी स्वतः गेले आणि त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आधी त्यांना राग आला, मग त्यांनी फळीवरच्या गोळ्यांच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"म्हणजे दत्ताराम..."

"म्हणजे दत्तारामकाकांनी काही नेलेलं नाही. तुम्ही यायला हवं शेठ, माझ्याबरोबर. शिवथरला. त्यांच्या घरी, त्यांच्या माणसांसमोर."

"येतो ना, येतो. जरा ही लग्नसराईची गडबड उरकू द्या."

लग्नसराई झाली. मग त्यांचा गुडघा दुखायला लागला. मग म्हणाले, फोन करून सांगितलं तर नाही का चालणार? मी म्हटलं, नाही चालणार. संगीता मला रोज विचारते, "ताई, गेलात का?" तिला उत्तर देताना मला शेठचा येतो तेवढाच राग सुधीरचाही येतो. यंत्राचं काम त्याने अशा ठिकाणी आणून ठेवलं, की उरलेलं माणसाकडून करून घ्यायचं होतं, आणि ते माझ्यावर टाकून तो गेला.

आज सकाळी शेठना निरोप पाठवला आहे, की उद्या गाडी दुकानासमोर उभी करते, गुडघ्यासाठी पुढची सीट मोकळी ठेवते. उत्तर आलेलं नाही. दत्तारामकाकांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.