अकरा नंबरचा दोर

माई त्या शहरात आली ती पोराला घेऊनच जायचं, असं ठरवून. थोरल्यानं गावात हार्डवेअरच्या दुकानात धाकट्यासाठी जागा बोलून ठेवली होती आणि दुकानदार काही जन्मभर थांबणार नव्हता. धाकटा इथं करत काय होता? तर समुद्राकाठच्या रस्त्यावर जो काळा कडा उभा आहे, त्याला दोरावर लटकून सुटे दगड पहारीनं पाडत होता. एखादा धोंडा अवचित सुटून खालच्या गाड्यांवर येऊ नये म्हणून. "म्हणजे दगड पडू नये म्हणून तू पडणार," असं माई फोनवर म्हणाली होती. तो हसला आणि म्हणाला, आधी चार दिवस येऊन बघ, मग काय बोलायचं ते बोल.

शहर काही तिच्या मनात भरलं नाही. सगळाच उभा प्रकार. बसमधून उतरलं की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की चढ, चढ संपला की परत पायऱ्या. वारा असा की पदर सांभाळावा की पिशवी सांभाळावी, तेच कळेना. घरांचे पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावरून तारा आवळून खडकात ठोकलेल्या. आणि माणसं? माणसं त्या खडकाचीच सख्खी भावंडं. पत्ता विचारला तर हनुवटीनं दिशा दाखवायची, तोंड उघडलं तर जणू दंड बसतो. एका न्हाव्यानं तिला "पलीकडं" एवढा एकच शब्द दिला आणि तो पुन्हा गिऱ्हाइकाच्या गालाकडं वळला. माईनं तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या धुलाईखात्यात काढलेली, यंत्रांच्या घरघरीच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. असल्या मुक्या गावात आपल्या लेकाचं कसं निभायचं, या विचारानं तिला जेवण गोड लागेना.

धाकटा चौघांत मिळून एका खोलीत राहायचा, तिथं आईला कुठं ठेवणार? म्हणून त्यानं तिची सोय एका घरी केली. ते घर होतं नाहीकाकूंचं. कड्यावर चढणाऱ्यांचे सगळे दोर या बाईच्या ताब्यात. खालच्या शेडमध्ये बसून रोज एकेक दोर डोळे मिटून हातातून सोडायचा, वितीवितीनं, आणि बोटाला जरा काही वेगळं लागलं की "नाही" म्हणायचं. मग मुकादम येवो की त्याचा साहेब, त्या नाहीचं हो व्हायचं नाही. नाकारलेला दोर त्या तिथल्या तिथं कुऱ्हाडीनं तोडून हातहातभर तुकडे करत, कुणी मोहानं परत उचलू नये म्हणून. कड्यावरची पोरं त्यांच्या नावानं बोटं मोडत, कारण दोर बाद झाला की नवा येईपर्यंत घरी बसावं लागे. नाहीकाकू हे नाव त्याच पोरांनी ठेवलेलं.

बाई घरातही तशाच. माईला खोली दाखवली, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, संपलं बोलणं. नवरा बोटी रंगवायचा, आता निवृत्त, कानानं कमी, स्वयंपाक त्याच्याकडं. तो माईकडं बघून दिवसभर नुसता हसायचा. माईनं मनात म्हटलं, एक बोलत नाही आणि एकाला ऐकू येत नाही, छान जोडा जमलाय.

दुसऱ्या दिवशी ती कडा बघायला गेली. वर लोखंडी खुंट्या ठोकलेल्या, त्यांना दोर बांधलेले, आणि मधोमध, वरूनही दूर आणि खालूनही दूर, आपलं पोर. एक मुख्य दोर, एक जोडीचा राखीव, असे दोन. तेवढ्यावर सत्तर किलोचा जीव. माईनं डोळे मिटले ते काम संपल्याची त्याची शिट्टी ऐकू येईपर्यंत उघडले नाहीत. संध्याकाळी ती त्याला म्हणाली, बघून झालं, आता बॅग भर. तो म्हणाला, चार दिवस ठरलेत ना?

आता खरी गंमत म्हणा की घात म्हणा, तो रविवारी झाला. रोज हातानं तपासलेले दोर आठवड्यातून एकदा डोळ्यांनीही बघायचे असत, आणि शेडमध्ये उजेड कमी, म्हणून काकू शनिवारी दोरांच्या पिशव्या घरी आणत आणि रविवारी सकाळी अंगणातल्या उन्हात तपासत. नियमानं दोर शेडबाहेर न्यायचा नाही. पण उजेडासाठी त्यांनी तेवढा एक नियम वर्षानुवर्षं मोडला होता. तपासलेला दोर पिशवीत, पिशवीच्या तोंडाला त्यांची स्वतःची गाठ. ती गाठ बसली की सोमवारी पिशवी न उघडता ज्याच्या त्याच्या हातात. त्या दिवशी गाठी मारून झाल्या आणि दोघं नवराबायको लेकीकडं गेली.

माई घरात एकटी. रिकामं बसणं तिच्या रक्तातच नाही. अंगणात पिशव्यांची रांग, एकीवर अकरा हा आकडा. अकरा म्हणजे धाकटा. तिनं सहज हात लावून पाहिला, हाताला काळा चिखल लागला. गाठ सोडून बघते तर दोन्ही दोर मातीनं माखलेले, काळेकुट्ट. असले घाणेरडे दोर माझ्या लेकाच्या अंगाला! तीस वर्षं जिनं दवाखान्याच्या चादरी बगळ्यासारख्या पांढऱ्या करून दिल्या, तिला हे बघवेल का? लोक प्रवासाला खाऊची पुडी नेतात, माई ब्लीचिंग पावडरची नेई. परक्या बाथरूमचा तिला भरवसा नसायचा. तिनं बादलीत दोन मुठी पावडर टाकली, दोन्ही दोर दीड तास बुडवून ठेवले, चार पाण्यांतून काढले, वाऱ्यावर वाळवले, होते तसे वेटोळे केले, आणि जन्मभर गाठोडी बांधलेल्या हातांनी ती गाठही हुबेहूब मारली. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, पोराला सकाळी उघडल्यावर कळेल, आईनं काय केलंय ते.

सोमवारी दहा वाजता ती डबा घेऊन शेडकडं निघाली, मनात उकळ्या फुटत होत्या. शेडमध्ये काकू एक दोर तोडत होत्या. कोरा करकरीत दोर. माईला राहवलं नाही, चांगला दोर का हो तोडता, म्हणून तिनं विचारलं. काकूंनी तोडता तोडताच सांगितलं, की ड्रायव्हरनं हा गाडीत बॅटरीजवळ ठेवला होता, बॅटरीचं ॲसिडचं पाणी सांडलं असणार. दिसायला काही होत नाही, हातालाही लागत नाही, आतून मात्र दोर मरतो.

माईच्या हातातला डबा जड झाला.

"आणि ब्लीचनं?" तिनं विचारलं.

"ब्लीचनं तर विचारूच नका."

माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की खोटं बोललं तरी कुणाला कळणार नाही आणि खरं बोलायला जीभ उचलत नाही. माई सांगायची, माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा लेक नव्हता, खोटं कशाला बोलू, आधी माझी स्वतःची लाज उभी राहिली. पण ती पळभरच.

"ताई, मी धुतले. अकरा नंबरचे. दोन्ही. काल."

काकूंनी कुऱ्हाड खाली ठेवली. किती पावडर, किती वेळ, एवढंच विचारलं. दोन मुठी, दीड तास. मग त्यांनी भिंतीवरची शिट्टी काढली, शेडच्या दारात उभं राहून तीन लांब शिट्ट्या मारल्या.

कडा वळणापलीकडं, वारा उलटा. शिट्टी तिथवर जाणार कशी? कड्याच्या माथ्यावर दोरांपाशी एक गडी असे, पण त्याच्या फोनची रिंग तर तिथल्या यंत्राच्या आवाजात त्याला ऐकूच येत नव्हती. पण काकूंची तिसरी शिट्टी संपायच्या आत तो न्हावी, तोच 'पलीकडं'वाला, हातात वस्तरा तसाच घेऊन बाहेर आला आणि त्यानं तोंडात बोटं घालून तीन शिट्ट्या दिल्या. वरच्या पायऱ्यांवर भाजीवालीनं तराजूचं पारडं तीनदा बडवलं. त्याच्या वर कुणी कंडक्टर होता, त्यानं पुढं दिली. तीन म्हणजे जिथं आहात तिथं थांबा, अंगठाही हलवू नका, हे त्या गावात चालायला लागलेल्या पोरालाही माहीत. बघता बघता ती हाक घराघरांवरून चढत वळणापलीकडं गेली. मुकं मुकं म्हणून ज्यांना नावं ठेवली, त्या माणसांनी अख्खा डोंगर जागा केला.

काकूंनी कोठीतले सगळ्यात नवे दोन दोर खांद्यावर घेतले आणि पायऱ्या चढायला लागल्या. साठीची बाई, ओझं चांगलंच वजनदार. तिसऱ्या वळणावर न्हाव्यानं न विचारता एक वेटोळं काढून आपल्या खांद्यावर टाकलं, पाचव्या वळणावर दुसरं आणखी कुणी घेतलं. माई मागून धापा टाकत, गुडघे धरत, देवाचं नाव घेत.

वरून तिनं खाली पाहिलं. धाकटा भिंतीला पाल चिकटावी तसा स्तब्ध. सकाळी उजळ दोर बघून काकूंनी नवे दिले असं तो समजला होता, आणि आता त्याला वाटत होतं रोजच्यासारखा सराव चाललाय. आईला पाहून त्यानं हात हलवायला उचलला तशी काकू कडाडल्या, "हात खाली!" मग त्या काठावर पालथ्या पडल्या, नवे दोर खाली सोडायला लावले, आणि शाळेत मुळाक्षरं सांगावीत तसं एकेक सांगत गेल्या. आधी नवा लाव. ओढून बघ. आता दुसरा. ओढून बघ. जुना नंतर सोड, घाई नको. वीस मिनिटं. माई त्या वीस मिनिटांत किती वेळा मेली ते तिचं तिलाच ठाऊक. पोर वर आलं, काय झालं म्हणून दात काढत विचारायला लागलं. माईनं त्याच्या पाठीत एक सणसणीत रट्टा घातला आणि मग त्याला गच्च धरून रडली.

धाकट्याला सगळं कळलं तेव्हा तोही पांढरा पडला. तुटला असता का हो काकू, म्हणून त्यानं विचारलं.

"मला नाही माहीत," काकू म्हणाल्या. "आणि जे मला माहीत नाही, ते मी माणसाच्या कमरेला बांधत नाही."

दुपारी मुकादम आला. त्यानं चौकशी मांडली. माई पुढं झाली, सगळा दोष माझा, मला काय करायचं ते करा. पण काकूंनी तिला हातानं मागं सारलं. दोर शेडबाहेर मी नेले, उघड्या अंगणात मी सोडले, आणि सकाळी गाठीवर विश्वास ठेवला, दोर उघडून बघितला नाही. यात पाहुणीचा काय संबंध? मुकादमालाही तेच हवं होतं. त्या एका नाहीनं त्याची कामं कितीदा अडली होती. किल्ल्या द्या म्हणाला, उद्यापासून दुसरा माणूस बघेल.

काकूंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तेव्हा ती पोरं, त्यांच्या नावानं बोटं मोडणारी, एकेक करून कमरेचे पट्टे सोडायला लागली. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. पट्टे सोडून भिंतीला टांगले आणि सगळे जमिनीवर बसले. मुकादमानं विचारलं, हे काय? त्यातला वयानं मोठा होता तो म्हणाला, काकूंनी हात फिरवल्याशिवाय आम्ही काठाखाली उतरत नाही. मुकादम तासभर फोनवर बोलत बसला, चहा पीत बसला, शेवटी किल्ल्यांचा जुडगा काकूंच्या पुढ्यात सरकवून निघून गेला. दोर आता घरी न्यायचे नाहीत, तेवढं बजावून. आठ दिवसांत शेडमध्ये चांगले दोन दिवे लागले, हेही सांगायला हवं.

त्या संध्याकाळी माई काकूंच्या समोर बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

काकू म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत. मी या कामात तीस वर्षं आहे, न सांगणारे पुष्कळ पाहिले."

माईनं त्यांचे हात हातात घेतले. घट्टे पडलेले, बोटांच्या टोकांना कातडं गुळगुळीत झालेलं. रोज सकाळी हेच हात आपल्या लेकाच्या जिवावरून वितीवितीनं फिरतात, आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. तिनं ते दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. काकू संकोचल्या, हात सोडवून घ्यायला बघायला लागल्या, पण माईनं सोडले नाहीत.

बुधवारी धाकटा बॅग भरून बसस्टँडवर आला. आईला आपण फार घाबरवलं असं वाटून तो खरंच तयार झाला होता, म्हणाला, चल, दुकानात बसतो. माईनं त्याच्या हातातली बॅग घेतली, बसच्या पायरीवर नाही ठेवली, त्याच्याच खांद्याला अडकवली. परत जा, म्हणाली, आणि काकू नाही म्हणाल्या की वाद घालू नकोस. एकटीच चढली.

घरी थोरला दारातच उभा होता. धाकटा कुठाय, दुकानदाराला काय सांगू, म्हणून त्यानं विचारलं. माईनं चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि सांगितलं, की दुसरा मुलगा बघा म्हणावं. मी इतकी वर्षं त्याची काळजी केली ती इथं बसून. तिथं एक बाई ती रोज हातानं करते.