पापणीच्या आतला रंग

वडील गेले, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, आणि आई आणि मी दिल्लीतच मुनिरक्यात एका खोलीत आलो. खिडकी नव्हती. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय भाजी चिरता येत नसे. आई कधीच शाळेत गेलेली नाही. दिल्लीतल्या मराठी घरांमध्ये ती बाळंतिणींना तेल लावायला, बाळांना न्हाऊ घालायला जायची. मी बी.ए. करत होते, आमच्या घराण्यात पहिलीच, आणि आईचं काम कॉलेजात कुणाला सांगत नसे.

समोरच्या खोलीत काँगोहून आलेलं जोडपं राहायचं. नवरा नोएडाला शिकायला जायचा. बायकोला गल्लीत ‘हब्शन’ म्हणत, ती जिन्यात दिसली की लोक पोरांना आत ओढत. आम्हीही दार लावूनच घ्यायचो, खोटं कशाला बोलू? मग तिचं पोट दिसायला लागलं आणि आईनेच तिचं दार वाजवलं.

“पहिलटकरीण आहे गं. माहेर समुद्रापलीकडे. कुठे जाईल?”

रोज संध्याकाळी आई तिच्या पायांना तेल लावायची आणि मला हाक मारायची. “हिची पापणी खाली ओढ. आतला रंग बघून ठेव.”

“आई, माझी परीक्षा आहे.”

“असू दे. आपल्या बायका रक्त जाऊन पांढऱ्या पडल्या की मला तोंडावरून कळतं. हिचं नाही कळणार. बरी असताना बघितलं असेल तरच कळेल.”

ती हसायची. “मम्मी, मैं आम है क्या? रोज देखती, पका कि नहीं!”

कळा सकाळी सुरू झाल्या. हॉस्पिटलात लेबर वॉर्डला जाळीचं दार होतं. नवऱ्याला मनाई, सोबत एकच बाई. फॉर्म वाचता येतात म्हणून आईने मला पुढे केलं.

“रिश्ता?” गार्डने विचारलं.

“बहन.”

“बहन! शकल देखी है अपनी?” रांगेतले सगळे हसले. “जा. पर बाहर निकली तो वापस अंदर नहीं.” मागे कुलूप लागलं.

दुपारी मुलगी झाली. त्याआधी कळा देताना ती ओरडली तेव्हा नर्स म्हणाली, “ये लोग तगड़े होते हैं, नाटक करती है.” नंतर ती एकदम गप्प झाली, तेव्हा तीच नर्स म्हणाली, “देखा? आराम कर रही है.” मलाही ते पटलं. शिकलेल्या माणसांवर माझा फार विश्वास होता.

पण तिचा हात गार लागला. मी पापणी ओढली. आत सोललेल्या मुळ्यासारखं पांढरं. रोज संध्याकाळी लालबुंद बघितलेलं.

“सिस्टर, इसे देखो, खून जा रहा है!”

“काली है, तुझे कहाँ से दिख गया?”

जाळीपलीकडे आई उभी दिसत होती. पळत जाऊन तिला विचारावं तर पुन्हा आत येता येणार नाही, आणि आत माझं ऐकणारं कुणी नाही. हातपाय बांधल्यासारखी मी त्या खाटेशी उभी. आईनेच जाळीतून ओरडून विचारलं, “पापणी?” मी म्हटलं, “पांढरी!” “मग डॉक्टरला धर!”

डॉक्टरीणबाई शेजारच्या खाटेवरून निघाल्या होत्या. मी वाटेत आडवी झाले. “मॅडम, एकदा हिची पापणी बघा. मग मला हाकला.”

त्यांनी पापणी बघितली, मग चादर उचलली. खाली सगळं भिजलेलं. त्या नर्सवर ओरडल्या, रक्त थांबवायला दोन्ही हातांनी तिचं पोट दाबू लागल्या, इंजेक्शन मागवलं. रक्ताची पिशवी लागेपर्यंत मी तिचा गार हात सोडला नाही.

ती वाचली. दीड महिना आईने तिला तेल लावलं, अळिवाची खीर पाजली. मी बी.ए. झाले, आणि नोकरी सांभाळून आईच्याच कामाला लागले. आता आमच्या गल्लीतल्या आठ बायका, मराठी, बिहारी, काँगोच्या, ज्यांचं इथे कुणी नाही अशा पोटुशींसोबत हॉस्पिटलात जातात. पापणी बघायला त्यांना आईने शिकवलं. अर्ज करून करून मी त्या वॉर्डचा नियम बदलून घेतला. आता सोबत कोण येणार हे बाळंतीण ठरवते, आणि त्या बाईला बाहेर जाऊन परत आत येता येतं.