बंबाची घंटा

कोन गावच्या गोदामातली ती चोरी आजही आठवते, आणि आठवली की मान खाली जाते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी भिवंडीत फौजदार होतो. मोठ्या शहराच्या अग्निशमन दलाने आपले जुने आगीचे बंब लिलावात काढले. त्यातले दोन एका भंगारवाल्याने घेऊन कोनला उभे केले होते. लाकडी शिड्या, पितळी नळ, ड्रायव्हरच्या बाजूची घंटा, सगळं शाबूत. एके दिवशी तो फिर्याद घेऊन आला की एका बंबाची घंटा गेली. भंगारवाल्याकडे चोरी म्हणजे चोरावर मोर, असं म्हणून आमचे हवालदार हसले.

मी गोदाम पाहिलं. घंटेहून जड पितळी नळ हाताशी होते, त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं. पोटासाठी चोरणारा असं करत नाही. तरी रिवाजाप्रमाणे पितळ वितळवणारे सगळे तपासले, हाती काही लागलं नाही.

मग आमचा एक खबऱ्या आला. जवळच्या अंजूर गावाकडे रिक्षा चालवायचा. म्हणाला, "साहब, देवी के मंदिर में बंब की घंटी बज रही है."

साध्या कपड्यांत गेलो, हात जोडले, घंटा वाजवली. देवळाच्या घंटेला वर कडी असते, हिला बोल्टची भोकं होती. पुजाऱ्याने आपण होऊन कौतुकाने सांगितलं की गावातले एक काका बंबावर ड्रायव्हर होते. निवृत्त होताना दलाने त्यांना ही घंटा मानाने दिली, त्यांनी ती देवीला वाहिली आणि गावाने त्यांचा सत्कार केला.

काकांना पोलीस ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. आवाज चढवायची गरज नव्हती. ते एकच सांगत राहिले, दलाने दिली. शेवटी मी फोनकडे हात नेला आणि म्हणालो, दलातच विचारून घेतो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"फोन नका करू साहेब. तिथली पोरं मना अजून मान देतात."

मग सगळं बाहेर आलं. निवृत्तीच्या दिवशी साधा हारसुद्धा मिळाला नव्हता. घरी सगळे वाट बघत बसलेले, काय दिलं म्हणून विचारू लागले. तोंडातून निघून गेलं की आपल्या बंबाची घंटा देणार आहेत. पुढे तोच बंब कोनला भंगारात दिसला. सुटे भाग बघायला आलोय असं राखणदाराला सांगून ते आत गेले आणि घंटा पिशवीत घालून आणली.

घंटा मीच काढून आणून देतो, गावात येऊ नका, एवढंच त्यांनी मागितलं. ते नियमात बसत नव्हतं. मुद्देमाल जागेवरच, पंचांसमोर जप्त व्हायला हवा, आणि पंच गावातलेच प्रतिष्ठित हवेत. एक सरपंच मिळाले, दुसरे शाळेचे गुरुजी. सत्काराचं भाषण गुरुजींनीच केलं होतं, शालही त्यांनीच घातली होती.

देवळापुढे गाव गोळा झालं. काकांच्या पत्नीने विचारलं, "सरकारनं दिली ना ती?"

"न्हाय," काका म्हणाले. "मी चोरली."

कुणी शिवी दिली नाही, कुणी हसलं नाही. मला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं. पंचनाम्यावर सह्या होत असताना काका घरात गेले आणि सत्काराची शाल घडी करून घेऊन आले. ती त्यांनी घंटेशेजारी ठेवली.

"साहेब, ही पन लिवून घ्या. ही बी चोरीचीच हाय."

मी सांगितलं की फिर्यादीत शाल नाही, घेता येत नाही. गुरुजींनीही ती परत घेतली नाही. आमची जीप निघाली तेव्हा काका शाल हातात धरून तिथेच उभे होते.

गुन्हा कसा उघड करायचा हे मला खात्याने शिकवलं होतं. उघड झाल्यावर तो माणूस त्याच गावात राहणार असतो, हे मला त्या दिवशी कळलं. वरिष्ठांनी महिन्याच्या बैठकीत या तपासासाठी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. घरी बायकोने विचारलं, आज बैठकीत काय झालं? मी म्हणालो, काही नाही.