चिमणाबाईचं नाव आणि पैलतीराची नाव

कोडोलीत चिमणाबाईचं नाव होतं. उगीच नव्हतं, मिळवलेलं होतं. तिची थोरली जाऊ आक्का. पोटी मूल नाही, नवरा आधीच गेलेला, आणि वर खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तेव्हापासून आक्काचं न्हाणंधुणं, वेणीफणी सगळं चिमणाबाईच बघायची. पण बघायची ती दार सताड उघडं टाकून. सकाळी दुधावरची जाड साय वाटीत काढली की उंबऱ्यात येऊन हाळी द्यायची, "आक्काऽ, साय आणलीया!" आक्का आतल्या खोलीत, हाताच्या अंतरावर. हाळी मात्र पार डेरीपर्यंत जायची. केलेलं कुणी बघितलंच नाही तर ते केलं कशावरून, असं तिचं सरळ मत.

संध्याकाळी दोघी जावा टीव्हीवर एक मालिका बघायच्या. त्यात मेलेली माणसं नदीकाठी येतात. तिथला नावाडी एकेकाला नावेत घेतो. कुणी पार होतं, कुणाला घेऊन नाव मध्येच बुडते. का बुडते, ते नावाडीही सांगत नाही आणि मालिकावालेही सांगत नाहीत. सांगितलं तर उद्या बघणार कोण? परवा तर देवळं बांधणारा, अन्नछत्र चालवणारा शेठ बुडाला आणि जन्मभर कोंबड्या चोरणारी म्हातारी पार झाली. बघणाऱ्यांची डोकी फिरली. चिमणाबाईची नात वर्षाराणी त्याच घरात राहायची, शहरात शाहूपुरीला एका दुकानात कामाला जाऊन-येऊन असायची. तिच्या मोबाइलवर या मालिकेच्या वेड्यांचा एक ग्रुपच होता. बांधावरून भांडावं तसे लोक तिथं भांडत होते. कुणी म्हणे, मनात काय होतं ते बघतात. कुणी म्हणे, म्हातारीनं त्या कोंबडीचा रस्सा उपाशी शेजारणीला घातला होता, मागचा भाग नीट बघा.

मग वर्षाराणीनं एक मेसेज मोठ्यानं वाचला, "ज्याला नाव पाहिजे, त्याला नाव मिळत नाही."

"म्हंजे गं?" चिमणाबाईनं विचारलं.

"म्हंजे आज्जी, चांगलं करून गावात नाव कमावलं की झाली फिटंफाट. मग तिकडची नाव न्हाय. दोन्हीतलं एकच मिळतंय."

"त्या शेठच्या नावाच्या फरश्या हुत्या की देवळात," आक्का अंथरुणातून म्हणाली. "पायरीपायरीला." आणि जावेकडं बघत राहिली.

चिमणाबाईला भाकरी गोड लागेना. इतक्या वर्षांची साय, ती काय थोडीथोडकी! सगळी गावाच्या कानावर घातलेली. म्हणजे सगळी पाण्यात.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दार लोटून घेतलं. साय पदराआड झाकून न्यायची, आक्काला भरवायची, तोंडातून अवाक्षर नाही. पण रोजचा भोंगा बंद झाला की गावाला तेच ऐकू येतं. नळावर बायका बोलायला लागल्या, हाळी बंद झाली म्हणजे साय बंद झाली.

शमशुद्दीन गवंड्याची बायको जरीना शेजारीच राहायची. ती खिरीचा डबा घेऊन आली.

"मावशी, रागावू नका. आक्कास्नी आणलीया. तुमच्यात जरा वडाताण हाय म्हणं."

"कसली वडाताण?"

जरीनानं आत डोकावून विचारलं, "आक्का, सकाळधरनं काय खाल्लंसा?"

आक्काच्या ओठाला साय तशीच होती. तिनं ती जिभेनं आत घेतली आणि सुस्कारा सोडला. "कुठलं खाणं, बाई. चाललंय आपलं."

चिमणाबाईची जीभ दातापर्यंत आली. बोलावं तर तिकडची नाव जाते, गप्प बसावं तर इथलं नाव जातं. जरीनाची पाठ वळताच मात्र ती कडाडली.

"आक्का! वाटी चाटूनपुसून खाल्लीसा की!"

"व्हय की." आक्कानं डबा उघडला. "तुझ्या भल्यासाठीच बोललो. मी न्हाय म्हटलं की तुझं केलेलं झाकून ऱ्हातंय. नाव सोडायचं तर नीट सोडावं."

मग घराघरातून डबे यायला लागले. आक्काचे गाल वर आले. आणि एक दिवस डेरीत रांगेत उभी असताना मागून धोंडुबाई म्हणाली, "जावंला उपाशी ठेवती आणि म्हशीला पेंड चारती, बया!"

झालं. चिमणाबाई घरी आली, दार भिंतीवर आपटून उघडलं. वर्षाराणीला हाताशी घेऊन आक्काची खाट उंबऱ्यापर्यंत ओढली, सायीची वाटी उंच धरली आणि ओरडली, "आक्काऽ! ही साय रोज खातायसा का न्हाय? सांगा समद्यास्नी!"

आळीतल्या बायका दारात आल्या. जरीना हातात डबा घेऊन मध्येच थबकली.

"अगं, बुडशील की," आक्का दबक्या आवाजात म्हणाली.

"बुडू दे! मेल्यावरचं मेल्यावर. मला रोज डेरीत तोंड दाखवायचं हाय."

"तू बुड खुशाल. पर मला त्या काठापत्तुर उचलून कोण न्हेणार? मला चालता येतंय व्हय?"

याचा विचार काही चिमणाबाईनं केला नव्हता, आणि त्या ग्रुपवर तर कुणीच केला नव्हता. वाटी धरलेला हात हळूहळू खाली आला.

"तुमास्नी आधी नावंत बशिवतो," ती शेवटी म्हणाली, "मग मी बुडतो."

आक्कानं जरीनाच्या हातातल्या डब्याकडं एकदा डोळे भरून बघितलं. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "खातोय की गं रोज! वराडतीस कशाला? साखर घाल जरा, सपक लागतीया!"